चार नंबरची बटणं

सोलापूरहून गठ्ठा आला तेव्हा
उमरग्यात आम्ही शाळेच्या चड्ड्या शिवत होतो,
निळ्या, दोन खिशांच्या, सातशे चाळीस.
बिराजदार मालक म्हणाले, हे आधी घ्या.
चौदा शर्ट. बायकांची क्रिकेट टीम.
देशाची.

कुठला देश, ते त्यांनाही नीट वाचता येईना.
नसीमानं मोबाईलवर नाव टाकलं
तर नुसतं पाणी आलं.
दोन बोटांनी पाणी फाकवत गेली, फाकवत गेली,
तेव्हा कुठं एक ठिपका,
भाकरीवर करपलेला असतो तेवढा.
माणसं किती? अकरा हजार.
गंगासागर म्हणाली, अगं बया,
एवढी तर मुरूमच्या बाजारात असत्यात.
आन् त्येंचा देस?
आन् देसाला टीम?
आन् ती बी बायांची?
मशीन मात्र कुणी थांबवलं नाही.

मी ओव्हरलॉकवर. मापांचा कागद माझ्याकडं.
पहिली बेचाळीस. दुसरी चौतीस.
तिसरीचे खांदे आडतीवरच्या हमालासारखे,
का कोण जाणे, मला बरं वाटलं.
नववी बारीक, सोळाची असेल फार तर.
शिवता शिवता माणूस कळत जातं.
दुसऱ्या दिवसापर्यंत मी चौदाही जणींना ओळखत होते,
तोंडं सोडून.

चार नंबरपुढं शेरा होता:
पुढून उघडणारा, पाच बटणं.
मालक वैतागले. बाकी तेरा गोल गळ्याचे,
हिचंच काय वेगळं? फॅशन?
थांबा, फोन लावतो, चूक झाली असेल.
आम्ही एकमेकींकडं बघितलं.
सत्यकला, जी कुणाशी फारसं बोलत नाही,
जी दुपारच्या सुट्टीत पळत घरी जाते
आणि पदर पुढं ओढून पळत परत येते,
ती म्हणाली, चूक नाही.
काजं मी करते.

हातानं केली. पाचही.
मशीनवर कर की, मालक म्हणाले. तिनं ऐकलं नाही.
प्रत्येक काज एका बोटानं उघडतं का बघितलं,
डोळे मिटून बघितलं,
उजव्या दंडावर कापडाचा गठ्ठा आडवा धरून
नुसत्या डाव्या हातानं बघितलं.

त्याच दुपारी लाईट गेली.
नसीमानं कात्रणांचा चेंडू बांधला, वरून इलॅस्टिक.
बॅट म्हणून कापड मोजायचा गज.
गंगासागरनं निऱ्या खोचल्या आणि असा हाणला
की चेंडू बोअरच्या पेटीवर जाऊन उसवला,
चौदा शर्टांचे तुकडे अंगणभर.
मला सगळ्या म्हणाल्या, तू तर शाळेत खेळायचीस ना,
उस्मानाबादला टीम गेली होती ना तुमची.
मी हो म्हटलं.
गेली होती. मी बारावी होते.
पाणी नेलं, दोनदा.
हे तिथं सांगितलं नाही, इथं सांगते.

दीड महिन्यानं नसीमानं निकाल शोधून काढला.
सगळ्या मिळून अठ्ठावीस.
समोरच्यांनी चार ओव्हरमध्ये उरकलं.
कुणी काही बोलेना.
मग गंगासागर म्हणाली,
हरायला बी देस लागतोय की गं.
आपण हरायचं म्हणलं तर कुणाकडून हरावं?

चार नंबर : सहा, नाबाद.

एक फोटोही होता, पुसट, उन्हातला.
सत्यकलानं मोबाईल हातात घेतला,
दोन बोटांनी फाकवत फाकवत नेला,
चेहऱ्यावरून खाली, आकड्यावरून खाली.
दुसरं बटण उघडंच आहे, म्हणाली.
राहिलं असेल गडबडीत.
आणि पदर सारखा करून घरी पळाली,
सुट्टीला अजून वीस मिनिटं होती,
मालक घड्याळाकडं बघत राहिले.

मग पुन्हा चड्ड्या.
यावेळी खाकी.